घर शाकारायचे दिवस

मे महिना लागला की आपल्या बहुतेकींच्या घरी कुरडया-पापडांची, वर्षाच्या तिखटाची आणि मुलांच्या सुट्टीची धांदल असते. भिंती आणि छप्पर यांची आठवण आपल्याला होते ती दिवाळीच्या तोंडावर, रंग काढायच्या वेळी. तुम्ही म्हणाल, त्यात काय बिघडलं? कोकणातल्या बायकांना विचारा. त्यांचं घर तपासलं जातं ते दिवाळीला नाही, मिरगाच्या आधी. साधारण ७ जूनला मृग नक्षत्र लागतं. त्याच्या आत कौलं लावून, लाकूडफाटा आत घेऊन, पश्चिमेच्या अंगाला आडोसा बांधून जी मोकळी झाली ती सुटली. बाकीच्यांनी पुढे चार महिने घरभर पातेली मांडून बसायचं!

माझं सासर आंजर्ल्याचं, दापोली तालुक्यातलं. आम्ही राहतो साताऱ्याला. तिथे एका शाळेत मी अर्धवेळ भूगोल शिकवते, म्हणून सुट्टी मुलांबरोबर मलाही मिळते. लग्न झाल्यापासून दर मेमध्ये पंधरा दिवस आम्ही गावी असतो. लोक कोकणात जातात समुद्रासाठी आणि आंब्यासाठी. मी जाते घर शाकारायला. खरं सांगू? त्या पंधरा दिवसांत घराबद्दल जे कळलं ते बी.ए.च्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं आणि कुठल्या गृहशोभेच्या पुस्तकातही मिळालं नाही. म्हणून वाटलं, तुम्हालाही घेऊन जावं.

साताऱ्याहून जाताना आम्ही महाबळेश्वरावरून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरतो, पुढे खेड आणि तिथून दापोली. खिडकीची जागा मिळाली तर ती सोडू नका. महाबळेश्वरच्या माथ्यावर माती लालबुंद असते. पाचगणीचं टेबललँड आपण सहलीला बघतो ना, तोही या लाल जांभ्या दगडाचाच सडा. घाट उतरायला लागलो की दोन्ही बाजूंना काळा कातळ, पायऱ्या-पायऱ्यांचा. आणि खेड मागे पडून दापोलीकडे चढ लागला की पुन्हा लाल माती, लाल दगड, लाल गडगे. रस्त्याच्या कडेला चिरेखाणी दिसतात. पूर्वी तिथे माणसं हाताने चिरे काढायची. आता यंत्राचं गोल पातं फिरतं आणि सव्वा-सव्वा फूट लांबीचे चिरे पावाच्या लाद्यांसारखे सुटे होतात.

या जांभ्याची एक गंमत आहे. जमिनीत असतो तोवर तो मऊ, कुऱ्हाडीने तासता येईल असा. वर काढून वाऱ्या-उन्हात ठेवला की घट्ट होत जातो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टरने केरळात हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटराइट’ म्हटलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. आमच्या सासूबाई हे ऐकून म्हणाल्या, “त्याला एवढ्या लांबून यायला लागलं होय!”

पण चिरा कितीही घट्ट झाला तरी त्याच्या अंगात भोकं असतात, हे विसरायचं नाही. तो पाणी पितो. आणि दापोलीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ दहा फूट पाणी, तेही बहुतेक चार महिन्यांत. हजार चौरस फुटांचं छप्पर धरलं तर त्यावरून एका पावसाळ्यात पावणेतीन लाख लिटर पाणी वाहून जातं. मुलींना हे गणित मी वर्गात करायला देते. उत्तर आलं की त्या एकमेकींकडे बघतात. एवढं पाणी ज्या घरावर दरवर्षी पडतं ते शंभर वर्षं उभं कसं राहतं, हा माझा नवी नवरी असतानाचा प्रश्न. त्याचं उत्तर हळूहळू मिळालं. ते घर पाण्याशी भांडत नाही, त्याला वाट देतं.

बघा, आधी जोतं. आमच्या घराचं जोतं अंगणापासून चांगलं अडीच फूट वर आहे. ओटीवर यायला चार पायऱ्या. मग छप्पर भिंतीच्या पुढे दोन हात आलेलं, त्याखाली चारी बाजूंनी पडवी. पागोळ्या पडतात त्या भिंतीपासून दूर, आणि जिथे पडतात तिथे दगड लावून पन्हळ केलेली, तिचा उतार माडांच्या आळ्यांकडे. भिंतीला पाणी लागूच द्यायचं नाही, ही सगळी युक्ती. आजकाल घर बांधताना पहिली काटछाट होते ती या पुढे आलेल्या छपरात. “जागा फुकट जाते,” म्हणतात. दोन वर्षांत भिंतीला हिरवी बुरशी धरली की मग जलरोधक रंगाचे डबे येतात. तुमच्यापैकी कुणी घर बांधायला काढलं असेल तर माझं एवढं ऐका. स्वयंपाकघरातल्या फरशीचे थोडे पैसे कमी करा, पण खिडक्यांवरचे छज्जे चांगले रुंद घ्या आणि जोतं रस्त्यापेक्षा भरपूर उंच ठेवा. रस्ता दर काही वर्षांनी डांबर खाऊन वर येतो, घर काही वर येत नाही.

आता गिलाव्याचं. जुन्या चिऱ्याच्या भिंती बाहेरून उघड्याच असायच्या किंवा त्यांवर चुन्याचा हात मारलेला. आम्ही कोकणात गेलो की शहरातले पाहुणे विचारतात, “गिलावा का नाही केलात? बरं दिसलं असतं.” गावातल्या एका घरी तसा केला. सिमेंटचा गिलावा, त्यावर गुळगुळीत प्लास्टिकचा रंग. पहिल्या वर्षी घर असं देखणं दिसलं की आम्ही सगळ्या बघून आलो. तिसऱ्या वर्षी भिंतीला फोड आले, पापुद्रे सुटले, खाली पांढरं मिठासारखं फुटायला लागलं. चिरा खालून ओल ओढतो. चुन्यातून ती ओल बाहेर पडते, उडून जाते. सिमेंट आणि प्लास्टिकचा रंग दार लावून घेतात, मग ओल आतल्या आत बसते आणि रंगाला ढकलते. जुनी दगडाची किंवा मातीतली भिंत असेल तर चुना बरा, हे पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांनाही तितकंच लागू आहे. चुना स्वस्त आहे, दरवर्षी घरच्या घरी मारता येतो, आणि बुरशी त्यावर लवकर धरत नाही.

ओल बाहेरून येते की खोलीतल्या वाफेची, हे ओळखायची एक साधी युक्ती सांगते. फ्लॅटमधल्या मैत्रिणींनाही उपयोगी पडेल. प्लास्टिकच्या कागदाचा वीतभर तुकडा घ्या आणि ओलसर वाटणाऱ्या भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी बघा. थेंब कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, जमले असतील तर ओल भिंतीतून येते आहे. नळ, गच्ची, शेजारचं न्हाणीघर तपासा. थेंब बाहेरच्या, आपल्याकडच्या बाजूला असतील तर ती खोलीतली वाफ. खिडकी उघडी ठेवा, ओले कपडे खोलीत वाळत घालणं थांबवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. कारण कळल्याशिवाय रंगाऱ्याला बोलावू नका. रंगारी ‘नाही’ कधीच म्हणत नाही.

आंजर्ल्याला पोचायला हर्णैवरून पुढे जावं लागतं. पूर्वी खाडी तरीतून ओलांडायची, आता पूल आहे. गावात शिरलं की नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून लाल मातीची पाखाडी, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे. कड्यावरच्या गणपतीला आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी जातो. पांढरंशुभ्र देऊळ, पुढ्यात तळं, उजव्या सोंडेचा गणपती. दर्शन झालं की मी कड्याच्या टोकाशी जाते. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, खाली गाव. लग्न झालं तेव्हा तिथून फक्त माडांचे शेंडे दिसायचे, घरं झाडीत बुडालेली. आज छपरं मोजता येतात.

कारण ३ जून २०२०. त्या दिवशी निसर्ग वादळ रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आलं. आम्ही साताऱ्याला होतो, टाळेबंदीचे दिवस, फोन लागत नव्हते. सासूबाई आणि त्यांच्या सोबतीला असणारी बाई, दोघीच घरात. दुपारभर त्या माजघरात, दोन भिंतींच्या मधल्या कोपऱ्यात बसून राहिल्या. नंतर कळलं ते असं. वाडीतले निम्म्याहून अधिक माड आणि जवळजवळ सगळ्या पोफळी आडव्या झाल्या. पश्चिमेच्या पडवीचं छप्पर गेलं, मधल्या घरावरची बरीच कौलं उडाली. भिंती हलल्या नाहीत. तुळया-खांब हलले नाहीत. पण पुढचा सगळा पावसाळा त्यांनी ताडपत्रीखाली काढला, आणि कौलं आणि पत्रे मिळवायला साऱ्या तालुक्यात रांग.

पडवीला आम्ही तेव्हा पत्रे घातले, कारण मिळत तेच होतं. मधल्या घराची कौलं मिळतील तशी भरली. पण वाशांचं काम राहूनच गेलं. यंदा ते पुढे ढकलण्यासारखं नव्हतं. मोठे भावजी मुंबईहून आले ते ठरवूनच आले होते, “कौलं उतरवू आणि सगळ्या घरावर पत्रा टाकू. एकदाच काय तो खर्च.” धाकट्या भावजींचं म्हणणं, स्लॅबच टाकू, वर एक खोली निघेल. आमचे हे नेहमीप्रमाणे दोघांचंही ऐकून घेत बसले. आणि ज्यांना त्या छपराखाली बारा महिने राहायचं त्या सासूबाई, वय वर्षं चौऱ्याहत्तर, स्वयंपाकघरात आमरसाची तयारी करत होत्या. तीन दिवस ओटीवर हीच चर्चा. मोठ्या जाऊबाई मला हळूच म्हणाल्या, “मिरग काही यांच्यासाठी थांबायचा नाही.”

स्लॅबचा प्रश्न इंजिनियरने दहा मिनिटांत निकालात काढला. दापोलीहून बोलावले होते. भिंतीचा एक सांधा खरवडून त्यांनी दाखवलं, चिरे मातीत बसवलेले आहेत. छपराचं वजन या भिंती पेलतात, स्लॅबचं पेलायच्या नाहीत. त्यासाठी वेगळे खांब हवेत, म्हणजे नवं घरच. शिवाय समुद्राजवळच्या हवेत लोखंड गंजतं. सळी गंजून फुगली की स्लॅबचे खपले पडतात. अशा ठिकाणी स्लॅब टाकायचाच असेल तर सळीवर काँक्रीटचं आवरण पुरेसं जाड हवं आणि खाडीची खारी रेती किंवा मचूळ पाणी चुकूनही वापरायचं नाही. हे तुम्हालाही सांगते, कारण “स्वस्तात रेती आणून देतो” म्हणणारे सगळीकडे असतात. जुन्या घरावर मजला चढवायचा विचार असेल तर कंत्राटदाराच्या आधी इंजिनियरला विचारा. त्याची फी जड वाटते, पण ती घरापेक्षा जड नसते.

राहिला पत्रा. पत्र्याची बाजू मी कमी लेखणार नाही. कौलं मोडतात ती पावसाने नव्हे, वानरांमुळे. टोळी छपरावरून उड्या मारत गेली की पन्नास कौलं तरी जागची हलतात. पूर्वी दर घरात छपरावर चढणारं माणूस असे. आता तरुण मुलं मुंबई-पुण्याला, आणि कौलांचं काम जाणणारे गावात दोघे-तिघेच उरलेत. पत्र्याला दरवर्षी माणूस लागत नाही. एकट्या बाईमाणसाला हे फार मोठं आहे.

पण पडवीवर आमच्याकडे पत्रा होताच, म्हणून तुलना घरातच होती. मेमध्ये दुपारी बारा ते चार पडवीत पाय ठेववत नाही. मोठ्या सरीत शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. सासूबाई जपाला बसायच्या पडवीत, त्या आता माजघरात बसतात. आणि वादळात कौलं उडाली ती सुटी सुटी, उडाली तिथे पुन्हा बसवता आली. शेजारच्या आळीत पत्र्याचं छप्पर गेलं ते सांगाड्यासकट, सगळं एकदम, आणि दुसऱ्याच्या परसात जाऊन पडलं. पत्रा घालायचाच असेल तर तो खिळ्यांवर भागवू नका. आकड्याचे बोल्ट आणि रबरी चकत्या घ्या, कडेच्या ओळींत बोल्ट जवळजवळ मारा, आणि सांगाडा भिंतीला बांधून घ्या. वारा पत्र्याला वरून दाबत नाही, खालून उचलतो. जुने सिमेंटचे पत्रे घरात असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते फोडू नका, कोरडे घासू नका, भोकं पाडू नका. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

तिसरा एक मार्ग हल्ली बरेच जण काढतात. खाली पत्रा, वर कौलं. घर दिसायला जुनं, गळायला नको. बरा आहे, पण कौल फुटलं तरी आतून कळत नाही. पाला, माती दोन्हींच्या मध्ये साचते आणि लाकडाला वारा लागत नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर सासूबाई ओटीवर आल्या. त्यांनी कुणाचीही बाजू घेतली नाही. मोठ्या भावजींना एवढंच विचारलं, “पत्रा गंजला की कळवायचं कुणाला?” मग आम्हा सगळ्यांना उठवून आत नेलं आणि बॅटरीचा झोत वर टाकायला लावला. वाशांना ठिकठिकाणी चिंध्या बांधलेल्या होत्या. लाल, निळ्या, जुन्या लुगड्याच्या काठाच्या. पावसाळ्यात जिथे गळतं तिथे त्या काठीने वाशाला चिंधी अडकवतात. मेमध्ये कौलं लावणाऱ्यांना शोधाशोध करावी लागत नाही. “सगळं घर गळत नाही रे,” त्या म्हणाल्या, “सात ठिकाणी गळतं. मोजा.” आम्ही मोजल्या. सातच होत्या. त्यांतल्या पाच न्हाणीघराच्या अंगाला, जिथे दोन उतार एकमेकांना मिळून खोलगट पन्हळ होते. फणसाचा पाला तिथे साचतो आणि पाणी उलटं चढतं.

सात चिंध्यांसाठी सगळं छप्पर उतरवायचं का, हा प्रश्न मग कुणी विचारला नाही. ठरलं ते असं. पन्हळीला नवा जस्ती पत्रा, पंधरा वासे नवे, फणसाची छपरावर आलेली फांदी छाटायची, मधलं घर कौलारूच. पडवीचा पत्रा राहू द्यायचा, पण बोल्ट बदलायचे. आणि दरवर्षी कौलं लावायच्या मजुरीसाठी तिघा भावांनी पैसे सासूबाईंच्या खात्यावर जानेवारीतच भरायचे, मेमध्ये कुणी कुणाला आठवण करायची नाही. हा शेवटचा मुद्दा जाऊबाईंचा. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा तोच. घर कौलांवाचून जितकं गळतं तितकंच ते “बघू पुढच्या वर्षी” यानेही गळतं, हे भाऊभाऊ असलेल्या घरांतल्या सगळ्याजणींना ठाऊक आहे.

मग कामाला सुरुवात झाली. कौलं लावणारे काका आणि त्यांच्या पत्नी, दोघं मिळून काम करतात. काका वर, काकू खाली. एकेक ओळ उतरवायची, शेवाळ काथ्याने घासून काढायचं, कौल बोटाच्या पेराने वाजवायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा गेलेला, डोळ्यांना दिसो वा न दिसो. काकू हे काम बोलता बोलता करतात. मी शिकायला बसले तर अर्धा दिवस माझ्या कानाला फरकच कळेना, मग एकदम कळायला लागला. बाजारात मातीचा माठ घेताना आपण तेच तर करतो.

कौलांच्या पोटावर कारखान्याचं नाव असतं. आमची जुनी कौलं मंगलोरची आहेत. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगलोरला कौलांचा कारखाना काढला, पुढे तिथे आणखी कितीतरी निघाले, आणि ही कौलं गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने वर आली. त्याआधी इथे कुंभाराच्या चाकावरचे अर्धगोल नळे असत, ते दरवर्षी परतावे लागत. मंगलोरी कौलाला खाचा असतात, एक दुसऱ्यात अडकतं. इथेच एक मेख आहे. दर कारखान्याची खाच निराळी. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या शेजारी नीट बसत नाही, आणि बोटभर फट राहिली की तिथून वारा पाऊस आत ढकलतो. म्हणून नवी कौलं घ्यायला जाताना जुनं एक पिशवीत घालून न्यायचं आणि दुकानात जोडून बघायचं. बायका ब्लाउजपीस जुळवायला साडी नेतात, तसंच हे. वेगवेगळी कौलं वापरायचीच वेळ आली तर एका उतारावर एकाच जातीची लावावीत.

लाकडाकडे मी स्वतः बघते. आमच्याकडे वासे ऐनाचे आणि किंजळीचे, तुळया सागाच्या. वासा आधी कुजतो तो पुढच्या टोकाला, वळचणीशी, आणि जिथे तो भिंतीत शिरतो तिथे. तिथे जुनी सुरी टोचून पाहायची. टोक सहज आत गेलं तर लाकूड गेलं. खाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर भुंगा आहे, आणि भिंतीवरून मातीची बारीक नळी चढताना दिसली तर वाळवी. सासूबाई म्हणतात, चूल होती तोवर स्वयंपाकघराच्या वर कधी कीड लागली नाही, धुराने वासे काळे पण कणखर असत. गॅस आला आणि भुंगाही आला. आता धुराच्या घरात कुणी सून राहावी असं मी मुळीच म्हणणार नाही. आपल्या सासवांच्या डोळ्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय. पण न्हाणीघरातली पाण्याची चूल अजून पेटते, त्या अंगाचे वासे आजही चांगले आहेत हेही खरं.

नव्या वाशांना वर चढवण्याआधी काजूच्या टरफलाचं तेल लावलं. कीड लागत नाही आणि पाणीही कमी पितं. पण जपून हं! हे तेल कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा. वाळवीचं औषध मात्र आपल्या हाताने मारू नका. ते जाणकाराकडूनच करून घ्या, आणि घराला विहीर असेल तर आधी तसं सांगा. जांभ्यातून पाणी झिरपतं तसं औषधही झिरपतं. त्याहून सोपा उपाय म्हणजे सरपण, जुनी पुठ्ठ्याची खोकी, पुस्तकांचे गठ्ठे भिंतीला टेकवून ठेवू नका. वाळवी जमिनीतून येते आणि तिला पायरी आपणच ठेवून देतो.

पश्चिमेला बांधायच्या झापांचं काम शेवटी. नारळीच्या झावळ्या मधून चिरून, पाण्यात भिजवून विणायच्या. पडवीच्या खांबांना त्या बांधल्या की झडीचा पाऊस भिंतीपर्यंत येत नाही आणि वारा मात्र येतो. गावात आता बहुतेकजण निळं प्लास्टिक बांधतात. ते स्वस्त पडतं, पण त्याच्या मागे भिंत चार महिने घामेजलेली राहते. यंदा आमच्याकडे झावळ्या पुरेशा नव्हत्या. वादळात पडलेल्या माडांच्या जागी लावलेली रोपं आत्ता कुठे डोक्याएवढी झालीत. निम्म्या खांबांना झापं बांधली, निम्म्यांना हिरवी जाळी.

निघायच्या आदल्या दिवशी उरलेली कौलं जिन्याखाली रचली. नव्वद जुनी, साठ नवी. शंभर चौरस फूट छपराला साधारण दीडशे कौलं लागतात, तेवढी घरात असावीत. दोन दिवसांच्या पावसात गाडी येत नाही आणि आली तर भाव दुप्पट. रचताना आडवी एकावर एक ठेवू नका, खालची दबून फुटतात. फळीवर उभी, एकमेकांना किंचित कललेली ठेवा, आणि जुनी-नवी वेगळी. सासूबाईंनी त्यांवर पोतं टाकलं, आणि पुढच्या वर्षाच्या चिंध्यांसाठी माझी एक जुनी साडी मागून घेतली.